फिल्म प्रॉडक्शनचा शॉर्ट कोर्स करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्या-मुंबईत लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा माणूस म्हणून काम करतो आणि वर्षातून दोन-तीनदा लघुपट-निर्मितीच्या छोट्या कोर्सला बजेट आणि शेड्यूल शिकवायला जातो. बॅच बदलते, चहाच्या सुट्टीतले प्रश्न मात्र तेच असतात. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा. मग त्याचा कोर्स कसला करायचा?

पैसे घालणारा तो फायनान्सर. कधीकधी दोघं एकच असतात, म्हणून हा घोळ होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची जी व्याख्या आहे तिच्यात पैशाचं नावही नाही. कलाकृती घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी जो घेतो तो निर्माता, एवढंच तिथे म्हटलंय. त्याच कायद्याच्या लेखी चित्रपटाचा ‘कर्ता’ही निर्माताच, दिग्दर्शक नव्हे. हे सांगितलं की वर्गातल्या निम्म्या चेहऱ्यांवरचं तेज उतरतं.

पुढाकार तर सगळेच घेतात. दुसरा शब्द जड आहे, आणि कोर्स त्या दुसऱ्या शब्दाचा असतो.

मला दिग्दर्शक व्हायचंय. मी हे का शिकू?

पहिले दोन-तीन लघुपट तुमचे तुम्हालाच उभे करावे लागणार आहेत, म्हणून. कॅमेरा भाड्याने आणणं, काकांच्या फ्लॅटची किल्ली मिळवणं, नटाला तारखेची आठवण करून देणं, ही कामं कोणी येऊन करेल अशी वाट पाहत बसलेले बरेच हुशार लोक मला माहीत आहेत. त्यांच्या स्क्रिप्ट अजून छान आहेत.

कोर्समध्ये नक्की शिकवतात काय?

ब्रेकडाऊन, शेड्यूल, बजेट, करार, परवानग्या, सेटवरची रोजची व्यवस्था, पोस्ट प्रॉडक्शनचा म्हणजे शूटनंतरच्या कामांचा क्रम आणि फिल्म झाल्यावर तिचं काय करायचं, हा साधारण ऐवज. यातलं मुळातलं म्हणजे ब्रेकडाऊन: स्क्रिप्टमधल्या प्रत्येक सीनमध्ये काय काय लागणार ते सुटं करून लिहिणं. ते जमलं की बाकीचं हळूहळू जमतं.

माझ्या वर्गात मी फळ्यावर एकच ओळ लिहितो:

“रात्र. पाऊस. एसटी स्टँडवर गर्दी. सदा भिजत उभा आहे.”

लेखकाला ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागला. आता एकेक शब्द घ्या. ‘रात्र’ म्हणजे मोठे लाइट, जनरेटर, रात्रीची शिफ्ट, पहाटे युनिटला घरी सोडायला गाड्या. ‘पाऊस’ म्हणजे पाण्याचा टँकर, पाऊस पाडायची पाइपलाइन, ती चालवणारी माणसं, कॅमेऱ्याला आणि वायरींना झाकण. खऱ्या पावसाच्या भरवशावर राहू नका. तो हवा तेव्हा येत नाही, आला तर टेकच्या मध्येच थांबतो, आणि लाइट नीट नसेल तर कॅमेऱ्यात दिसतही नाही. ‘एसटी स्टँड’ म्हणजे महामंडळाची परवानगी आणि तिचं भाडं. ‘गर्दी’ म्हणजे तीसेक ज्युनियर आर्टिस्ट, त्यांचं मानधन, जेवण, छत्र्या. ‘भिजत’ म्हणजे सदाच्या शर्टाचे एकसारखे चार जोड, टॉवेल, हेअर ड्रायर, आणि तिसऱ्या टेकनंतर सदाला गरम चहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सदा तापानं फणफणलेला.

एका बॅचमधल्या मुलीनं ही ओळ घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी अशी लिहून आणली: “रात्र. बंद टपरीच्या ताडपत्रीखाली सदा एकटा. कडेनं पाणी गळतंय. लांबून एसटीचा हॉर्न.” टँकर गेला, गर्दी गेली, स्टँडही गेला. बादली, झारी आणि चांगला साउंड, एवढ्यावर सीन उभा राहतो. शिवाय सदा आता जास्त एकटा वाटतो. निर्मात्यानं दिग्दर्शकाचे पंख छाटायचे असतात असा लोकांचा समज असतो. हा सीन मात्र हिशेब मांडल्यामुळे सुधारला.

बजेट किती धरावं? दोन-तीन लाखांत लघुपट होतो का?

होतो. दहा हजारांतही होतो आणि वीस लाखांतही पुरा पडत नाही. आकड्यापेक्षा आकडा कसा आला ते महत्त्वाचं. वर्गात आम्ही बारा मिनिटांचा, दोन दिवसांच्या शूटचा, वीस माणसांच्या युनिटचा लघुपट धरतो. भाव शहरागणिक आणि ओळखीगणिक बदलतात, तेव्हा हे आकडे नमुना म्हणूनच वाचा.

विद्यार्थी पटापट सांगतात: कॅमेरा-लेन्स दोन दिवसांचे ३० हजार, लाइट आणि लाइटमन २४ हजार, साउंड २० हजार, नट २० हजार, आर्ट १५ हजार, लोकेशन १० हजार, जेवणखाण १० हजार, टेम्पो-गाड्या ८ हजार, कपडे ६ हजार. बेरीज १ लाख ४३ हजार. सगळे खूश.

मग मी विचारतो, शूट केलेलं ठेवणार कशात? दोन हार्ड डिस्क, ११ हजार. एडिट १५ हजार, साउंड डिझाइन आणि मिक्सिंग २० हजार, रंगाचं काम म्हणजे डीआय १५ हजार. झाले २ लाख ४ हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे २ लाख २४ हजार ४००. यात फेस्टिव्हलची प्रवेश फी नाही, सबटायटल नाहीत, जीएसटी नाही. पहिल्या आकड्यावर विसंबून जे शूट करतात त्यांची फिल्म पॅकअपनंतर हार्ड डिस्कमध्ये झोपते. मी अशा कितीतरी डिस्क पाहिल्यात. त्यांतली एक माझीच आहे.

आणखी एक. व्यावसायिक फी देताना ठरावीक मर्यादेपुढे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून भरावा लागतो. ही बाब कोर्सच्या दोन तासांत कळणार नाही. एक सीए गाठा.

मित्र फुकट काम करणार आहेत. मग त्यांचा खर्च शून्य धरू ना?

मानधन शून्य धरा, पण जेवण, प्रवास आणि झोप शून्य धरू नका. दादासाहेब फाळक्यांच्या युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या, हे ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट सांगताना एका वाक्यात उरकलं जातं. माझ्या मते आपल्याकडच्या प्रॉडक्शन खात्याचा इतिहास तिथून सुरू होतो. दुपारी दोनला जेवण लागलं नाही तर तीनला फोकस चुकतो. फुकट आलेला माणूस तर लवकर चुकतो.

आणि शून्य मानधनही कागदावर लिहून घ्या. फिल्मला उद्या बक्षीस मिळालं तर त्यातला वाटा कोणाचा, हे आधी ठरलेलं बरं.

पैसे आणायचे कुठून? कोर्समध्ये निर्माते भेटतात का?

पाहुणे म्हणून येतात, सेल्फी देतात. चेकबुक घेऊन कोणी येत नाही.

पिचिंग, म्हणजे पैसे देणाऱ्यासमोर आपली फिल्म मांडणं, शिकवतात ते मात्र मन लावून शिका. पुन्हा फाळकेच आठवतात. त्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतरानं टिपून एक चिमुकली फिल्म केली आणि ती दाखवून कर्ज मिळवलं. बायकोचे दागिने गहाण पडले ते वेगळंच. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये मोठा चित्रपट लागला, त्याआधी हा वाटाणा होता. आजच्या भाषेत तो पिच व्हिडिओ. समोरच्याला तुमची महत्त्वाकांक्षा ऐकायची नसते. तुम्हाला हे करता येतं का, ते बघायचं असतं. म्हणून चाळीस पानी फाइलपेक्षा दीड मिनिटाचा चांगला शूट केलेला सीन न्या.

लघुपटाला बहुतेकदा घरचे, मित्र, कॉलेजातले जुने सोबती, गावातला एखादा हौशी उद्योजक असेच पैसे देतात. प्रत्येकाला लिहून द्या की ही मदत आहे, उसनवारी आहे की गुंतवणूक. मोठ्या चित्रपटाचा विचार असेल तर गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी एनएफडीसी या सरकारी चित्रपट संस्थेचा फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो, तिथे निर्माते आणि पैसे देणारे भेटतात. २००७ पासून तो चालू आहे. पहिल्या वेळी नुसतं बघायला जायलाही हरकत नाही.

लघुपटातून पैसे परत मिळतात का?

सहसा नाही.

करारबिरार लागतात का? आम्ही तर सगळे मित्रच आहोत.

मित्रच आहात म्हणून लागतात. परक्याशी भांडण झालं तर निदान मैत्री तरी तुटत नाही.

कथा दुसऱ्याची असेल तर हक्क लेखी घ्यायचे. तोंडी ठरलेल्याला कॉपीराइट कायद्यात किंमत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ते हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास ते सुटतात. म्हणजे नुसतं “कथेचे हक्क दिले” असं लिहून घेणाऱ्यानं सहाव्या वर्षी फिल्म कुठल्या परदेशी वाहिनीला द्यायची ठरवली, तर हातात काहीच नसतं. एक पान पुरतं: कोण देतंय, काय देतंय, किती काळ, कुठे, किती रुपयांत. दोन प्रती, दोन सह्या.

छापील कथेवर फिल्म करताना लेखकाचं निधन झालंय म्हणून कथा मोकळी झाली असं समजू नका. निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवता येते. मोठा मराठी चित्रपट करायचा तर नावाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात होते.

सीनमध्ये मागे रेडिओवर जुनं गाणं वाजतंय. तेवढं चालतं ना?

नाही चालत. दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, या सगळ्या गप्पा आहेत.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात चहाच्या टपरीवरचा सीन होता. टपरीवाल्या मामांचा रेडिओ चालू होता, मूड छान आला म्हणून आम्ही तो बंद करायला सांगितलाच नाही. सिंक साउंड, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड केलेले. गाणं आणि संवाद एकमेकांत असे मिसळले की वेगळे करता येईनात. गाण्याचे हक्क मागायला गेलो तर दोन दारं. शब्द-चालीचे हक्क एकीकडे, त्या रेकॉर्डिंगचे दुसरीकडे. मिळून आकडा आमच्या अख्ख्या बजेटच्या पुढे गेला. शेवटी दोन्ही नटांना पुन्हा बोलावून सगळा सीन डब केला. त्यातल्या एकाचा तोवर घसा बसला होता. फिल्म बघताना मला आजही तो फरक ऐकू येतो. आता सेटवर पोचल्यावर मी सगळ्यात आधी रेडिओ, टीव्ही आणि शेजारच्यांचा मिक्सर कुठे आहे ते बघतो.

तुकोबांचा अभंग घेतला तर शब्द सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या संगीतकारानं लावलेली अलीकडची चाल त्याची, आणि गायकाचं रेकॉर्डिंग कंपनीचं. तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, त्यांची लेखी संमती घ्या, त्यांना मानधन द्या. फिल्मलाही तेच जास्त शोभेल.

परवानग्या कोणकोणत्या?

जागेप्रमाणे. रस्ता, बाग, घाट असेल तर पोलीस आणि पालिका. रेल्वे, एसटी, पुरातत्त्व खात्याचे किल्ले यांचे स्वतंत्र अर्ज. महाराष्ट्रात यांतल्या बऱ्याच परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे. हातात वेळ ठेवून अर्ज करा.

नवखे हमखास अडकतात ते खासगी फ्लॅटमध्ये. घरमालक हो म्हणाले म्हणजे झालं असं नाही. सकाळी साडेनऊला सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहतात, “हे लाइट कोणाच्या मीटरवर?” आदल्या दिवशी पेढे घेऊन त्यांना भेटून या. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, जाल तेव्हा घर बघण्याबरोबर पाणी कधी येतं, वरच्या मजल्यावर क्लास भरतो का, खालच्या पार्किंगमध्ये टेम्पो शिरतो का, तेही बघा. आणि रेकी ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला करा.

आता दोन गोष्टी, ज्या मराठी लघुपटवाल्यांना हटकून लागतात. पहिली, लहान मुलं. (आपल्याकडे शाळकरी मुलगा, हरवलेली वस्तू आणि पाणावलेले आजोबा यांच्याशिवाय लघुपट होत नाही असं काही वेळा वाटतं.) व्यावसायिक निर्मितीत बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. शेड्यूल करताना मुलाच्या सीनचे पाच तास आधी मांडा, बाकीचं त्याभोवती बसवा.

दुसरी, जनावरं. कुत्रा, कोंबडी, काहीही असो, प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी. ‘मामांचीच म्हैस आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. दिग्दर्शकाला म्हैस खरंच हवी आहे का, हे दोनदा विचारा.

सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

थिएटरमध्ये जाहीर प्रदर्शन करायचं तर लागतं. यूट्यूबवर टाकायला लागत नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांपुढे असे तीन पोटवर्ग आहेत.

फेस्टिव्हलला पाठवायची आहे. आधी यूट्यूबवर टाकली तर बिघडतं का?

बिघडू शकतं. काही फेस्टिव्हलना प्रीमियर आपल्याकडेच व्हावा असं वाटतं, म्हणून नियम वाचल्याशिवाय लिंक कुणालाही उघडी देऊ नका. आत्याला पासवर्डसकट पाठवा.

लांबी स्क्रिप्टच्या वेळीच ठरवा. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करला ४०ची. सोळा मिनिटांची फिल्म घेऊन नंतर कुठलं मिनिट कापायचं यावर रडणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. घराजवळ म्हणाल तर लघुपट, माहितीपट आणि ॲनिमेशनसाठी मुंबईचा मिफ हा महोत्सव १९९०पासून आहे. मराठी फिल्म करणाऱ्यानं तिथे एकदा तरी प्रेक्षक म्हणून चार दिवस काढावेत.

कोर्स कुठे करावा?

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचे मोठे कोर्स सगळ्यांना ठाऊक असतात, पण तिथले अल्पमुदतीचे वर्गही असतात. ‘स्किफ्ट’ या उपक्रमातून २०१७ पासून ते पुण्याबाहेरही घेतले गेले. निर्मिती हाच पूर्णवेळ विषय हवा असेल तर कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत चित्रपट आणि टीव्हीच्या निर्मितीचा स्वतंत्र विभाग आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या व्हिसलिंग वुड्समध्येही निर्मिती शिकवतात. याखेरीज खासगी वर्कशॉप ढिगानं आहेत, त्यांत सोनं आहे आणि भुसाही.

पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: शिकवणाऱ्यानं शेवटचं प्रॉडक्शन कधी केलं? प्रत्येकाला स्वतःचं बजेट करायला लावता का, आणि ते कोणी तपासतं का? एका बॅचमध्ये किती जण? कोर्समध्ये बनणाऱ्या फिल्मचे हक्क कोणाकडे, विद्यार्थ्याकडे की संस्थेकडे? शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर लेखी उत्तर मागा. “आमच्या मोठमोठ्या निर्मात्यांशी ओळखी आहेत” हे उत्तर आलं तर फोन ठेवा.

ऑनलाइन चालेल?

बजेट, करार, शेड्यूल यांना चालेल. सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, असताना साडेसहाला टेम्पो पंक्चर होतो आणि एकाच वेळी पाच जण तुमच्याकडे बघतात, ते मात्र स्क्रीनवर शिकता येत नाही. ऑनलाइन करणार असाल तर त्याच महिन्यात कुणाच्या तरी शूटवर दोन दिवस राबून या.

वय, शिक्षण, इंग्रजी यांची अट असते का?

छोट्या कोर्सला सहसा वयाची किंवा पदवीची अट नसते. माझ्या एका बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या काकू होत्या. व्हाउचर कशी लावायची ते त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. कामचलाऊ इंग्रजी लागतं, कारण फॉर्म आणि करार इंग्रजीत असतात. स्प्रेडशीट मात्र आलीच पाहिजे.

सेटवर मुलींच्या सुरक्षिततेचं काय? याबद्दल कोर्समध्ये बोलतात का?

बोलत नसतील तर बोलायला लावा. २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. लहान युनिट असलं तरी तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि नंबर कॉल शीटवर, म्हणजे युनिटला रोज मिळणाऱ्या वेळापत्रकावर, छापा. स्वच्छतागृह कुठे आहे, कपडे बदलायची खोली कोणती, रात्री पॅकअपनंतर कोण कोणाला सोडणार, हे निर्मात्याचं काम आहे. रेकीच्या यादीत स्वच्छतागृह नसलेली जागा मी लिहीतच नाही.

कोर्सनंतर काम मिळतं का?

निर्माता म्हणून कोणी नेमत नाही. प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून मिळू शकतं: बारा तासांची शिफ्ट, बिलं गोळा करणं, सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉट दादांशी जुळवून घेणं, हाती जेमतेम पैसे. प्रमाणपत्र आजवर मला कोणी दाखवलेलं नाही आणि मीही मागितलेलं नाही. मी विचारतो, “एखाद्या सीनचा ब्रेकडाऊन करून दाखव.”

पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

स्वतःची पाच-सहा पानी स्क्रिप्ट, छापून, पानांवर नंबर घालून. प्रत्यक्ष मिळू शकतील अशा तीन जागांचे फोटो. मदतीला येतील अशा माणसांची यादी, नावापुढे तो माणूस नक्की काय करू शकतो ते लिहून: कोणाकडे गाडी आहे, कोणाची बहीण शिवणकाम करते, कोणाच्या ऑफिसला रविवारी सुट्टी असते. आणि पेन्सिल आणा, कारण संध्याकाळपर्यंत त्या यादीतली निम्मी नावं खोडावी लागतात.